‘खाली करणं’, ‘गर्भपात’ आणि ‘भ्रूणहत्या’ : तीन शब्दांचा इतिहास

मागच्या लेखात आपण संशोधनाचा प्रश्न कसा आखायचा हे पाहिलं. त्यावर दोघा-तिघांनी एकच गोष्ट विचारली : विषय नाजूक असेल, त्यात धर्म आणि नीती गुंतलेली असेल, तर सुरुवात कुठून करायची? आज त्याचं उत्तर एका उदाहरणातून देते. उदाहरण आहे गर्भपाताचं. मी मूळची एम.एस्सी. प्राणिशास्त्राची, आणि पीएच.डी. करतेय महाराष्ट्रातल्या प्रजनन-आरोग्याच्या इतिहासावर. त्यामुळे हा विषय माझ्या रोजच्या टेबलावरचा आहे.

आपल्यापैकी बहुतेक जण अशा विषयाला हात घालताना पहिल्यांदा काय करतात? ‘हिंदू धर्म काय म्हणतो, इस्लाम काय म्हणतो, ख्रिश्चन धर्म काय म्हणतो’ असा तक्ता काढतात. तक्ता वाईट नसतो. पण त्यातून माणसं प्रत्यक्षात काय मानतात हे कळत नाही. माझा सल्ला असा की सुरुवात शब्दापासून करा.

आमच्या इंदिरानगरात बोगद्यापासून वडाळा-पाथर्डी रस्त्याच्या दिशेने चालत निघालात, तर जिथे सोनोग्राफी होते तिथे एक पाटी दिसेलच : येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. पाटी कायद्याने सक्तीची आहे. भिंतीवर बऱ्याचदा ‘स्त्रीभ्रूणहत्या पाप आहे’ अशा अर्थाचं पोस्टर असतं. काउंटरवरच्या रजिस्टरमध्ये ‘एमटीपी’ लिहिलेलं असतं. आणि बाकावर बसलेली बाई डॉक्टरांना हळूच सांगते, ‘खाली करायचंय.’ दहा फुटांच्या आत चार शब्द. पाटीवरचा शब्द तपासणीचा आहे, तो बाजूला ठेवू. उरलेले तीन एकाच क्रियेचे आहेत, पण तिघांत दोष वेगवेगळ्या माणसावर जातो.

या लेखात मला एवढंच दाखवायचंय : आपल्याकडे गर्भपाताचा नैतिक वाद ‘जीव नेमका कधी सुरू होतो’ यावर फारसा झाला नाही. तो ‘दोष कोणाचा’ यावर झाला. आणि दोष कोणाच्या पदरात टाकायचा हे अनेकदा शब्दानेच ठरवलं.

ग्रंथांत हे दोन वेगळे शब्द होते

‘गर्भपात’ हा शब्द मुळात वैद्यकाचा. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात मूढगर्भाचा अध्याय आहे. तिथे फरक असा केलाय : चौथ्या महिन्यापर्यंत गर्भ द्रवरूपात बाहेर पडतो, तो गर्भस्राव. पाचव्या-सहाव्या महिन्यात शरीर घट्ट झालेलं असतं, तेव्हा पडतो तो गर्भपात. म्हणजे इथे ‘पात’ म्हणजे नुसतं पडणं, फळ देठापासून गळावं तसं. कोणी पाडलं, का पाडलं, हा प्रश्न या व्याख्येत नाही. आजचे डॉक्टर आपोआप झालेल्यालाही गर्भपातच म्हणतात, ते या जुन्या अर्थाला धरूनच.

‘भ्रूणहत्या’ हा शब्द वैद्यकाचा नाही, धर्मशास्त्राचा आहे. त्यात ‘हत्या’ आहे, म्हणजे कर्ता आहे, पाप आहे आणि प्रायश्चित्तही आहे. महापातकांच्या चर्चेत तो सारखा येतो. पण गंमत अशी की ‘भ्रूण’ म्हणजे दर वेळी गर्भच असं नाही. काही सूत्रग्रंथांत तो वेदविद्या शिकलेल्या ब्राह्मणालाही लावलेला आढळतो. पां. वा. काणे यांनी ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’मध्ये या शब्दाची चर्चा केली आहे. तेव्हा कुठल्याही जुन्या ग्रंथात ‘भ्रूणहा’ दिसला की लगेच ‘गर्भपाताला विरोध’ असं टिपण करू नका. आधी संदर्भ पाहा.

आता मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायाकडे या. ब्रह्महत्येचं प्रायश्चित्त सांगितल्यावर तिथे म्हटलंय की ‘अविज्ञात’ गर्भ मारल्यासही तेच व्रत करावं. अविज्ञात म्हणजे काय? टीकाकारांचा नेहमीचा अर्थ असा की ज्याचं लिंग कळलेलं नाही असा गर्भ. तो मुलगा असू शकतो, म्हणून मुलगा धरून चाला.

इथे जरा थांबा. ज्या नियमाला आपण सरसकट ‘गर्भाच्या जिवाचं रक्षण’ समजतो, त्याची कडक शिक्षा एका न कळण्यावर उभी आहे. आत मुलगा आहे की मुलगी, हे माहीत नाही म्हणून सर्वांत मोठं प्रायश्चित्त. पुढे विसाव्या शतकात यंत्राने ते न कळणंच काढून टाकलं, तेव्हा काय झालं ते आपण शेवटी पाहू.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. धर्मशास्त्रात पापाला प्रायश्चित्त असतं. म्हणजे परत येण्याची वाट असते. ही विचारपद्धत अजून जिवंत आहे. आपल्यापासून तासाभरावर त्र्यंबकेश्वरला नारायण नागबलीसाठी रोज लोक येतात. अपमृत्यू, न झालेलं अपत्य, घराण्यावरचा दोष, अशी कारणं घेऊन येतात आणि तीन दिवसांचा विधी करून हलके होऊन जातात. बाई ‘पाप आहे’ म्हणते आणि तरीही डॉक्टरकडे जाते, यात तिला विसंगती वाटत नाही. ती का वाटत नाही, ते समजायला ही पार्श्वभूमी लागते.

बाकीच्या धर्मांचं थोडक्यात सांगते. मुस्लिम न्यायशास्त्रात १२० दिवसांची मर्यादा महत्त्वाची मानली जाते. त्यानंतर गर्भात रूह फुंकली जाते असं मानतात. त्याआधी सबळ कारणाने गर्भपात चालतो का, यावर वेगवेगळ्या पंथांची मतं वेगळी आहेत, आणि हनफी परंपरेत तुलनेने सवलत आहे. कॅथलिक चर्चची भूमिका गर्भधारणेपासूनच जीव, म्हणून पूर्ण मनाई, अशी आहे. जैन विचारात अहिंसेचा आग्रह सर्वांत काटेकोर. बौद्धांमध्ये पहिलं शील प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचं. हे सगळं खरं असलं तरी, पुढे दिसेल की महाराष्ट्रातल्या वादांना वळण यातल्या कुठल्याच मुद्द्याने दिलं नाही.

१८६३ : पुण्यातलं घर

१८६२च्या १ जानेवारीला भारतीय दंडविधान लागू झालं. त्याच्या कलम ३१२ने गर्भ पाडणं हा गुन्हा ठरवला. अपवाद एकच, बाईचा जीव वाचवण्यासाठी सद्भावनेने केलेला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत, आणि पोटात मूल हालू लागलेलं असेल तर सात वर्षांपर्यंत. स्वतःचा गर्भ पाडणारी बाईही या कलमात गुन्हेगार. हे धर्मशास्त्रातून आलेलं नाही. हे व्हिक्टोरियन इंग्लंडचं नीतिशास्त्र, मेकॉलेच्या मसुद्यातून इथे आलेलं.

म्हणजे १८६२ नंतर ब्राह्मण विधवेसमोर दोन न्यायालयं होती. एक जातीचं, जे वाळीत टाकणार. दुसरं सरकारचं, जे तुरुंगात टाकणार. पुनर्विवाह १८५६ पासून कायद्याने मान्य होता, पण घराघरात नव्हता.

जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ साली आपल्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं, हे आपण शाळेतच वाचलेलं असतं. पण त्यामागचा मूळ दस्तऐवज किती जणांनी वाचलाय? १८८४ साली बेहरामजी मलबारींनी बालविवाह आणि सक्तीचं वैधव्य यावर टिपणं काढली आणि सरकारने त्यांवर मतं मागवली. फुल्यांनी ४ डिसेंबर १८८४ रोजी आपलं मत दिलं. ते त्यांच्या समग्र वाङ्मयात आहे. काढा आणि वाचा, दोन-तीनच पानं आहेत.

त्यात ते काशीबाईची हकिकत सांगतात. ही तरुण ब्राह्मण विधवा, फुल्यांचे मित्र गोवंडे यांच्या घरी स्वयंपाकाला होती. शेजारच्या एका शास्त्र्याने तिला नादी लावलं. दिवस गेल्यावर त्याच्याच सांगण्यावरून तिने गर्भ पाडायला नाना विषारी औषधं घेतली. उपयोग झाला नाही. नऊ महिने भरले, मुलगा झाला, आणि अब्रूच्या भीतीने तिने त्याला मारून घरामागच्या विहिरीत टाकलं. खटला चालला. तिला जन्मठेप काळ्या पाण्याची. शास्त्र्याचं काय झालं? खटला तिच्यावर चालला, शिक्षाही तिलाच झाली.

त्यानंतर फुल्यांनी घर उघडलं आणि ब्राह्मण वस्तीत जाहिराती लावल्या : गुपचूप येऊन सुखरूप बाळंत व्हा, मूल न्यायचं की ठेवायचं ते तुमच्या मर्जीवर. १८८४ पर्यंत तिथे ३५ गरोदर विधवा येऊन बाळंत झाल्या. त्या मुलांपैकी जिवंत होती पाच. उरलेली तीस, फुले म्हणतात, आयांनी गरोदरपण लपवण्यासाठी घेतलेल्या विषारी औषधांमुळे पोटातच इजा होऊन दगावली.

विज्ञानाच्या विद्यार्थ्याने या वाक्यापाशी थांबायला हवं. तीस मृत्यूंचं कारण हे फुल्यांचं अनुमान आहे, शवविच्छेदनाचा निष्कर्ष नाही. त्या काळात आईविना वाढणारी तान्ही मुलं जुलाबाने, तापाने, दुधाअभावी मोठ्या प्रमाणावर जात. त्यामुळे प्रत्येक मृत्यू औषधाचाच असं आपण म्हणू शकत नाही. पण दुसरी एक गोष्ट या वाक्यातून पक्की कळते. त्या घरी पोचण्याआधी बायकांनी गर्भ पाडायचे प्रयत्न केलेले असत, आणि हे फुल्यांना इतकं नेहमीचं वाटत होतं की ते सगळ्यांच्या बाबतीत गृहीत धरतात. साधनाची मर्यादा सांगायची आणि तरी त्यातून मिळतं ते घ्यायचं, असं वाचन करायला शिका.

आता प्रश्न : फुले गर्भपाताच्या बाजूने होते की विरुद्ध? कोणी असं विचारलं तर सांगा की प्रश्न चुकलाय. मेलेल्या मुलाला ते निष्पाप म्हणतात. विषारी औषधांबद्दल त्यांना दुःख आहे. पण सगळ्या मजकुरात दोष बाईवर कुठेच नाही. तो आहे सक्तीच्या वैधव्यावर, नादी लावणाऱ्या शास्त्र्यावर आणि लपवायला लावणाऱ्या समाजावर. कृत्य वाईट आहे हे मान्य करून त्यांनी गुन्हेगार बदलला.

जाता जाता एक इशारा. १८७४ साली या घरी आलेल्या एका विधवेचा मुलगा फुले दांपत्याने दत्तक घेतला, तो यशवंत, पुढचा डॉक्टर. तिचंही नाव काशीबाईच सांगितलं जातं. बऱ्याच लेखांत या दोन काशीबाई एक होऊन जातात. जिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली ती अकरा वर्षांनी पुण्यात बाळंत कशी होईल? तारखा शेजारी मांडल्या की असे गोंधळ आपोआप सुटतात.

१८८१-८२ : एक खटला, एक पुस्तक

१८८१ साली सुरत जिल्ह्यातल्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला आपलं नवजात मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती काळ्या पाण्यावर आली आणि पुढे पाच वर्षांपर्यंत कमी झाली. सुरत तेव्हा मुंबई इलाख्यात होतं, त्यामुळे मराठी पत्रांतही गदारोळ झाला. ‘पुणे वैभव’ने विधवांच्या आणि एकूणच स्त्रियांच्या चारित्र्यावर कोरडे ओढले.

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली, ती या चिडीतून. त्यांचा युक्तिवाद नीट पाहा. बाईने केलं ते बरोबर, असं त्या म्हणत नाहीत. त्या विचारतात की जे दुर्गुण बायकांचे म्हणून सांगता ते पुरुषांत नाहीत का, आणि असतील तर फास एकीच्याच गळ्यात का. पुस्तकावर टीका झाली तेव्हा फुल्यांनी ‘सत्सार’मध्ये तिची बाजू घेतली.

पंढरपुरात १८७५च्या सुमारास प्रार्थना समाजाशी संबंधित लालशंकर उमियाशंकर यांनी टाकलेल्या मुलांसाठी आश्रम काढला. तो पुण्यामुंबईत न निघता पंढरपुरात का निघाला? कारण क्षेत्राच्या गावी विधवा ‘यात्रेला’ जाऊ शकत, महिने-दोन महिने राहू शकत, आणि परत येताना एकट्या येऊ शकत. म्हणजे जो धर्म बाईला पापी ठरवत होता त्याच्याच यात्रेने तिला लपायला जागाही दिली. ‘धर्म काय म्हणतो’ या तक्त्यात ही गोष्ट कुठल्या रकान्यात बसेल सांगा!

१९६४ ते १९७१ : शब्दातून पाप काढलं

मधली वर्षं पटकन ओलांडूया. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं, १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं, त्यापायी नोकरी गेली, खटले झाले. १९३८ साली मुंबई विधिमंडळात डॉ. आंबेडकरांच्या पक्षाच्या वतीने संततिनियमनाचा ठराव आला, तो नापास झाला. गर्भ राहू न देण्याबद्दल बोलणंही जिथे इतकं अवघड, तिथे राहिलेला काढण्याबद्दल उघड चर्चा होणं दूरच होतं.

ती झाली १९६४ नंतर. केंद्र सरकारने महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. अहवाल १९६६च्या डिसेंबरअखेर आला. समितीचा अंदाज असा की ५० कोटी लोकसंख्येच्या देशात वर्षाला ६५ लाख गर्भपात होत असावेत : २६ लाख आपोआप होणारे आणि ३९ लाख केलेले. हे आकडे मोजून आलेले नाहीत, जन्मदरावरून गृहीतं धरून काढलेले आहेत. पण ३९ लाख बायका दर वर्षी कलम ३१२ मोडतायत, आणि त्यातल्या अनेक जिवाला मुकतायत, हे चित्र सरकारला हलवायला पुरेसं ठरलं.

कायदा १९७१च्या ऑगस्टमध्ये झाला, १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. त्याच्या इंग्रजी नावात ‘अबॉर्शन’ हा शब्दच नाही. नाव आहे ‘मेडिकल टर्मिनेशन ऑफ प्रेग्नन्सी’, म्हणून दवाखान्यातलं ‘एमटीपी’. विधेयकाच्या उद्देशांत तीन कारणं होती : आरोग्य, माणुसकी आणि सुप्रजनन. बाईचा हक्क हे कारण त्यात नाही. बारा आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, वीसपर्यंत दोघांचं. गर्भनिरोधक फसलं तर चालेल, पण फक्त ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ यांच्या बाबतीत.

तुलनेसाठी बाहेर बघा. ब्रिटनचा कायदा १९६७चा. अमेरिकेत रो विरुद्ध वेड निकाल आला १९७३ साली, म्हणजे आपल्यानंतर, आणि तिथे त्यावर पन्नास वर्षं धर्म आणि राजकारण पेटलं. शेवटी २०२२ साली तो निकाल उलटवला गेला. आपल्याकडे कॅथलिक चर्चने विरोध नोंदवला, पण तसं आंदोलन उभं राहिलं नाही. याचं एक सोपं उत्तर ‘आपण सहिष्णू आहोत’ असं दिलं जातं. मला दुसरं दिसतं. आपल्याकडे निर्णय बाईच्या हातात दिलाच नव्हता, तो डॉक्टरच्या हातात दिला होता. नैतिक प्रश्न वैद्यकीय फॉर्ममध्ये घालून बंद केला. फॉर्मशी कोण भांडणार? कलम ३१२ मात्र तसंच राहिलं. आजच्या भारतीय न्याय संहितेत ते कलम ८८ आहे. म्हणजे गर्भपात आजही मूळ गुन्हाच आहे आणि एमटीपी कायदा हा त्याला अपवाद.

१९८० नंतर : ‘भ्रूणहत्या’ परत आली

गर्भजल तपासणी भारतात सत्तरच्या दशकात आली ती जन्मजात व्यंग शोधण्यासाठी. ऐंशीच्या दशकात मुंबईत तिचा वापर मुलगी आहे का हे पाहायला सर्रास सुरू झाला. मनूचा ‘अविज्ञात’ गर्भ आता विज्ञात झाला. आणि न कळण्यावर उभा असलेला संकोच किती जणांच्या बाबतीत टिकला, ते आकड्यांत दिसतं. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुली १९९१ला ९४६ होत्या, २००१ला ९१३, २०११ला ८९४. (२०११चा ८८३ हा आकडाही सापडेल. तो प्राथमिक होता. प्रबंधात अंतिम आकडाच घ्या.)

मुंबईतल्या स्त्रीवादी, विज्ञान आणि आरोग्य चळवळींतल्या लोकांनी ‘फोरम अगेन्स्ट सेक्स डिटरमिनेशन अँड सेक्स प्री-सिलेक्शन’ उभा केला. त्यांच्या रेट्याने १९८८ साली महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा १९९४ साली आला. मग मुंबईची ‘सेहत’, पुण्याची ‘मासूम’ आणि डॉ. साबू जॉर्ज यांनी २००० साली सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली, आणि २००३ साली कायदा कडक झाला.

आता शब्दाकडे या. या कायद्यांचा रोख तपासणीवर आहे : लिंग तपासू नका, सांगू नका. पण प्रचार करताना पोस्टरला जोरदार शब्द हवा होता, आणि तो धर्मशास्त्रात तयार होता. ‘स्त्रीभ्रूणहत्या’. कीर्तनात, शाळेच्या भित्तिचित्रांत, गणपतीच्या देखाव्यांत तो पोचला. धर्मसत्तांनीही साथ दिली. २००१ साली अकाल तख्ताने याविरुद्ध हुकूमनामा काढला. हेतू चांगला होता, यात शंका नाही. २०१७ साली सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळला एका बाईच्या मृत्यूनंतर ओढ्याकाठी १९ भ्रूण सापडले. असं वाचल्यावर सौम्य शब्द सुचत नाहीत हेही खरं.

पण शब्दाने आपलं काम केलंच. ‘स्त्री’ हे विशेषण कानातून गळून पडतं आणि ‘भ्रूणहत्या’ उरते. मग कुठलाही गर्भपात हत्या वाटू लागतो, कायदेशीर असला तरी. महाराष्ट्रात २०१० नंतर गर्भपाताच्या गोळ्यांच्या विक्रीवर कारवाया वाढल्या आणि अनेक औषध दुकानदारांनी त्या ठेवणंच बंद केलं. गंमत पाहा, या गोळ्या पहिल्या काही आठवड्यांत घ्यायच्या असतात आणि तेव्हा सोनोग्राफीत लिंग दिसतच नाही. प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थीही हे सांगेल. ‘सेहत’ आणि ‘मासूम’सारख्या संस्था, ज्या स्वतः लिंगनिवडीविरुद्ध न्यायालयात गेल्या, त्याच आग्रहाने सांगत राहिल्या की ‘स्त्रीभ्रूणहत्या’ म्हणू नका, ‘गर्भलिंगनिवड’ म्हणा. लिंगनिवडीत दोष मुलगी नको म्हणणाऱ्या घराचा आणि पैसे घेऊन तपासणाऱ्याचा. हत्या म्हटलं की आरोपी होते टेबलावर झोपलेली बाई. १८८१ सालीही तीच झाली होती.

कायदा मात्र हळूहळू पुढे सरकला. २००८ साली मुंबईच्या एका दांपत्याने डॉ. निखिल दातार यांच्यासह, गर्भाच्या हृदयात दोष असल्याने वीस आठवड्यांनंतर गर्भपाताची परवानगी मागितली. उच्च न्यायालयाने ती नाकारली, पण चर्चा सुरू झाली. २०२१च्या दुरुस्तीने काही गटांसाठी मर्यादा २४ आठवडे केली आणि ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ऐवजी ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे शब्द आणले. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविवाहितांनाही २४ आठवड्यांचा लाभ दिला. एक शब्द बदलला की किती बायका कायद्याच्या आत येतात, हे यावरून कळेल.

मग आपण संशोधनात काय करायचं?

पहिलं, प्रश्नावलीतला शब्द तपासा. आमच्या भागातल्या सत्तरीच्या एका काकूंना मी विचारलं, ‘काकू, तुमचा कधी गर्भपात झाला होता का?’ त्या म्हणाल्या, ‘छे गं, असलं पाप नाही केलं.’ पुढे बोलता बोलता विचारलं, ‘कधी खाली करायची वेळ आली होती का?’ त्या शांतपणे म्हणाल्या, ‘दोनदा. पोरं लहान होती, ह्यांचा पगार पुरायचा नाही.’ त्या खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांच्या भाषेत गर्भपात आणि खाली करणं या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. एकीत पाप होतं, दुसरीत संसार होता.

दुसरं, विचारून कळत नसेल तर दुसऱ्या वाटेने मोजता येतं का पाहा. २०१८ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या अभ्यासाने २०१५ साली भारतात १ कोटी ५६ लाख गर्भपात झाल्याचा अंदाज दिला. त्यांनी बायकांच्या उत्तरांवर विसंबण्याऐवजी गोळ्यांच्या विक्रीचे आकडे आणि सहा राज्यांतल्या आरोग्य केंद्रांची पाहणी वापरली. त्या सहांत महाराष्ट्र नाही. म्हणजे इथे काम करायला जागा आहे.

तिसरं, स्वतःचं मत वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. माझं सांगते. मला पोटातला गर्भ ‘काहीच नाही’ असं म्हणता येत नाही, आणि तो जन्मलेल्या मुलाइतकाच आहे असंही पटत नाही. निर्णय जिच्या शरीरात तो वाढतोय तिचा असावा, हे मात्र पक्कं वाटतं. तुमचं मत वेगळं असेल. असू द्या. पण ते लिहिलेलं नसेल तर ते तुमच्या नकळत तुमच्या शब्दनिवडीत शिरेल, आणि काकू ‘छे गं’ म्हणून मोकळ्या होतील.

आता या आठवड्याचं काम. आपल्या सार्वजनिक वाचनालयात, ‘सावाना’त, किंवा तुमच्या गावच्या जुन्या ग्रंथालयात जा. कुठल्याही एका मराठी नियतकालिकाची दोन वेगळ्या दशकांतली एकेक वर्षाची फाईल काढा. गर्भपाताचा उल्लेख जिथे येईल तिथे तीनच गोष्टी टिपा : शब्द कोणता वापरलाय, वाक्याचा कर्ता कोण आहे, आणि बाप कुठे आहे. वीस नोंदी झाल्या की तक्ता करा. पुढच्या लेखात अशा तक्त्यातून संशोधनप्रश्न कसा काढायचा ते बघू.